पाणी, वारा, ऊन आणि आपली मुले

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याला निसर्गाने पाणी, वारा आणि ऊन या तीन देणग्या भरभरून दिल्या आहेत. या तिन्हींपासून वीज होते, आणि ती कशी होते हे दोन दिवसांच्या फेरीत पाहता येते. कोयनेचे धरण याच तालुक्यात आहे. वनकुसवड्याच्या पवनचक्क्या याच तालुक्यात आहेत. महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम म्हणून जिचे नाव झाले ती मान्याचीवाडीही याच तालुक्यातली. लोक ठोसेघरचा धबधबा पाहायला येतात, पवनचक्कीसमोर उभे राहून फोटो काढतात आणि परत जातात. आम्ही गेलो ते दुसऱ्या कामासाठी.

पुण्यातील आमच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालते. तेथे येणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर अलीकडे 'हरित ऊर्जेत लाखो नोकऱ्या' अशा जाहिराती सारख्या येतात. एका खासगी वर्गाने तीन आठवड्यांचा कोर्स, हमखास नोकरी आणि त्यासाठी मोठी फी असा कागद मुलांच्या हाती दिला. मोलकरणीचे काम करणाऱ्या एका भगिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, भिशीचे पैसे आलेत. भरू का?" कचेरीत पंचवीस वर्षे कागद हाताळणाऱ्या माणसाला एक सवय लागते. नक्कल पाहून सही करायची नाही, मूळ कागद पाहायचा. मी त्यांना म्हटले, "ताई, थोडं थांबा. आधी हे काम कसलं असतं ते मुलांना डोळ्यांनी पाहू द्या."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत नऊ मुले आणि तीन मुली घेऊन आम्ही स्वारगेटवरून साताऱ्याच्या एस.टी.त बसलो. कुणी बारावी झालेला, कुणी आयटीआय अर्धवट सोडलेला, कुणी दिवसभर पार्सल पोचविणारा. भाकरी-चटणी प्रत्येकाने घरून आणली होती.

सड्यावरचा वारा

साताऱ्यात उतरल्यावर मुलांना सांगितले की, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव ज्या शाळेत दाखल झाले ती शाळा याच गावातली. आजचे प्रतापसिंह हायस्कूल. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळतात. शाळेला बाहेरूनच वंदन करून भाड्याच्या जीपने आम्ही पुढे निघालो. सज्जनगडाचा पायथा गेला, ठोसेघर मागे पडले, घाट चढून गाडी चाळकेवाडीला आली आणि समोर पांढऱ्या पात्यांचे रानच उभे राहिले.

हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंच आहे. जांभ्या दगडाच्या अशा उघड्या पठाराला इकडे सडा म्हणतात. झाडे थोडी, माती पातळ. पावसाळ्यात धुके आणि फुले, नंतर पिवळे गवत. शेतीला कठीण असलेली ही जागा वाऱ्याला मात्र मोकळी सापडली. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून येथे सुझलॉन कंपनीने पवनचक्क्या उभ्या केल्या. वनकुसवडे पवनक्षेत्राची क्षमता सुमारे २५९ मेगावॉट मानली जाते. एकेकाळी आशियातील मोठ्या पवनक्षेत्रांत याची गणना होत असे.

या चक्क्या इतक्या झपाट्याने कशा उभ्या राहिल्या? वारा हे एक कारण. दुसरे कारण मी वाणिज्य शाखेचा म्हणून मुलांना समजावले. कोणतेही यंत्र वापराने झिजते, आणि त्या झिजेची रक्कम धंद्याच्या नफ्यातून वजा करता येते. हिशेबात याला घसारा म्हणतात. नव्वदच्या दशकात पवनचक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखविता येत असे. त्यामुळे विजेशी ज्यांचा संबंध नाही अशा कारखानदारांनीही कर वाचविण्यासाठी पवनचक्क्या विकत घेतल्या. पुढे ही सवलत ८० टक्क्यांवर आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. सड्यावर वारा हजारो वर्षे वाहत होता, पण पाती फिरू लागली ती कायद्यातील एका कलमामुळे. म्हणून नवा उद्योग आला की आधी कलमे वाचावीत, असे मी मुलांना सांगितले. त्यांतच कुणाचा नफा आणि कुणाची नोकरी हे लिहिलेले असते.

आम्ही गेलो तेव्हा बरीच पाती थांबलेली होती. एका चक्कीपाशी देखभालीची गाडी उभी होती. तिथला तंत्रज्ञ तिशीतला, याच तालुक्यातल्या गावचा. जेवणाची सुट्टी होती म्हणून तो मोकळेपणाने बोलला. "काका, बंद पडल्या नाहीत, वारा नाही म्हणून उभ्या आहेत. सेकंदाला तीन-चार मीटर वारा लागला की पाती वीज द्यायला लागतात. पंचवीसच्या वर गेला की यंत्र स्वतःच थांबतं, नाहीतर मोडेल. आमचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर. पाऊस, धुकं आणि वारा एकदम. मोठी दुरुस्ती असल्या शांत दिवसांत उरकून घ्यायची."

मुलांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडले. वर काय असते? दांडा, गिअर, जनरेटर, ब्रेक, आणि वाऱ्याची दिशा पाहून तोंड फिरविणारी यंत्रणा. खाली ट्रान्सफॉर्मर आणि तिथून उपकेंद्राकडे जाणाऱ्या तारा. काम काय? शिडीने वर चढायचे, तेल पाहायचे, बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळले आहेत का ते तपासायचे, केबल पाहायची, नोंद करायची. कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, आणि चढताना दोरीची एक कडी कायम अडकलेली. त्याने आयटीआयत वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला होता, त्यानंतर एक वर्ष उमेदवारी. मग उंचीवर काम करणे, आग, प्रथमोपचार आणि ओझे उचलणे यांचे वेगळे सुरक्षा प्रशिक्षण. जगभरच्या पवन कंपन्यांनी मिळून त्याचा एक नमुना ठरविला आहे. ते प्रमाणपत्र दोन वर्षांनी नवे करून घ्यावे लागते.

"वर चढायला पायात दम लागतो," तो म्हणाला, "पण वर गेल्यावर काय करायचं ते डोक्यात असावं लागतं. ते आयटीआयत मिळालं."

आमच्यातील एका मुलीने विचारले, "दादा, मुलींना घेतात का?"

तो थोडा थांबला. "बंदी नाही. पण इथं मी अजून पाहिली नाही. कंट्रोल रूममध्ये, उपकेंद्रात मुली काम करू शकतात. आणि चढायचं म्हणशील, तर शिडीला काय कळतं कोण चढतंय?"

त्याच चक्कीच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत राखणदार होते. साठीच्या जवळपास आलेले. आम्ही जयभीम केला, त्यांनीही हसून जयभीम केला आणि चहा टाकला. या सड्यावर पहिल्या चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासून ते येथे आहेत. खड्डे खणायला लागले, मग सिमेंट वाहिले, मग रखवालीला बसले. "लेकरांनो," ते म्हणाले, "पात्याचा आवाज बदलला की मला समजतंय काय बिघडलंय. इंजिनिअर यायच्या आधी मी सांगतो. पण आत जायचं म्हटलं की कागद लागतो. कागद कुठनं आणू?"

बाबांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मुले गप्प झाली. पंचवीसेक वर्षे ज्या यंत्राच्या सावलीत माणूस बसला, ज्याचा आवाज त्याला पाठ झाला, त्या यंत्राच्या दारातून आत जाण्याचा हक्क त्याला मिळाला नाही. काम येत नव्हते म्हणून नव्हे. शिकण्याची संधी वेळेवर मिळाली नाही म्हणून.

कड्यावरून दिसणारे पाणी

सड्याच्या टोकाला गेलो तर खाली कोयनेचा शिवसागर जलाशय पसरलेला. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने कोकणात उतरविले जाते आणि पोफळीच्या भूमिगत केंद्रात वीज होते. साठच्या दशकात सुरू झालेला हा प्रकल्प टप्प्याटप्प्याने वाढून १,९६० मेगावॉटचा झाला. मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना आणि घराघरांना या पाण्याने उजेड दिला.

पण पाण्याखाली गावेही गेली. तिथली माणसे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत पांगली, आणि पुनर्वसनाच्या हक्कासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलने करावी लागली. धरण बांधताना हजारो हात राबले. धरण पूर्ण झाले, हात मोकळे झाले. वीजकेंद्रात राहिले ते ज्यांच्याकडे तंत्राचे शिक्षण होते ते.

वाऱ्याच्या विजेलाही दुसरी बाजू आहे. चाळकेवाडीच्या याच पठारावर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यामुळे सरडे वाढले, असे त्यात आढळले. गळ्याला निळा-नारिंगी पंखा फुलविणारे येथले सरडे आम्हाला त्या दिवशी दिसले नाहीत. पण कुठलीही वीज फुकट पडत नाही, तिची किंमत कुणीतरी मोजतो, हे मुलांच्या ध्यानात आले.

निघताना तंत्रज्ञाने आणखी एक गोष्ट सांगितली. येथल्या अनेक जुन्या चक्क्या ३५० किलोवॉटच्या. आता एकेक चक्की त्याच्या कितीतरी पट मोठी बनते. चक्कीचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे धरतात. जुन्या काढून त्या जागी मोठ्या बसविण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये धोरण जाहीर केले. चांगल्या वाऱ्याच्या जागेवर थोड्या चक्क्यांत जास्त वीज मिळेल. देशाच्या दृष्टीने ते चांगलेच. पण चक्क्या थोड्या झाल्या की राखणदार थोडे लागतील आणि शिकलेला तंत्रज्ञ मात्र लागेलच.

कऱ्हाडच्या गच्चीवर

मुक्काम कऱ्हाडला माझ्या मावसभावाकडे होता. त्याच्या शेजारच्या इमारतीवर सौर पॅनेल बसविण्याचे काम चालू होते. संध्याकाळी मालकांच्या परवानगीने आम्ही गच्चीवर गेलो. तिघे काम करीत होते. हल्लीचे एक पॅनेल साधारण साडेपाचशे वॉटचे, वजनाला पंचवीस-तीस किलो. तीन किलोवॉटसाठी अशी सहा लागतात. दोघे ती जिन्याने वर आणीत होते. तिसरा तारा जोडीत होता, अर्थिंग तपासत होता आणि इन्व्हर्टर भिंतीवर चढवीत होता.

पॅनेल वाहणाऱ्या दोघांपैकी एक दोन वर्षे याच कामावर होता. त्याला विचारले, "तुला जोडणी येते का?" तो म्हणाला, "बघून बघून येते. पण हात लावू देत नाहीत." तारा जोडणाऱ्याने हातातले काम थांबवून मुलांना समजावले, "याचं कारण आहे. घरातला मेन स्विच पाडला की वीज जाते. पॅनेलचं तसं नाही. ऊन असेपर्यंत ते वीज देतच राहतं, आणि ही एकदिश वीज, जोडणी सैल राहिली तर ठिणगी धरून ठेवते. आग लागते. चुकलं तर मालकाचं घर जातं आणि माझा परवाना जातो."

एकच गच्ची, तेच ऊन, सकाळपासून तेच कष्ट. पण एकाच्या खिशात तारतंत्रीचा परवाना होता आणि दुसऱ्याच्या खांद्यावर घट्टे. रात्री जेवणानंतर मुले याच गोष्टीवर बोलत बसली.

तेव्हा मी त्यांना मुंबईच्या गिरण्यांची हकीकत सांगितली. आपल्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा गिरणीत होते. गिरणी सर्वांची, भोंगा सर्वांचा. पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडली. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. नोकरी मिळाली एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. कोणत्या खात्यात मिळाली, हे त्यांनी विचारले.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची जबाबदारी आली तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीच्या पहिल्या बैठकीत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची गरज मांडली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य तरुणांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी त्यांनी केली होती. देशाला वीज हवी आणि आपल्या मुलांच्या हाती तंत्र हवे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच काळात मागितल्या. पॅनेल आणि चक्की नवी असेल, प्रश्न जुनाच आहे.

शंभर उंबऱ्यांची वाडी

दुसऱ्या दिवशी मान्याचीवाडी. डोंगराच्या कुशीतले सुमारे शंभर उंबऱ्यांचे गाव, स्वच्छतेसाठी आधीपासून नावाजलेले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. घरांवर पॅनेल, रस्त्यावरचे दिवे आणि गावाची पाणीयोजनाही उन्हाच्या विजेवर. सर्व मिळून क्षमता सुमारे शंभर किलोवॉट, म्हणजे घरामागे एक किलोवॉट. एका किलोवॉटपासून दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते. महिन्याला शंभराच्या वर. दिवे, पंखा, टीव्ही, मिक्सर असलेल्या साध्या घराला ती पुरते.

सड्यावरच्या चक्कीसमोर माणूस मान वर करून पाहतो. येथे पाहण्यासारखे काही नाही, असे मुलांना आधी वाटले. छपरावर एक-दोन काळ्या फरश्या, भिंतीवर मीटर, एवढेच. तेव्हा गावच्या पारावर बसून आम्ही हिशेब मांडला.

दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या अभ्यास संस्थेने दुसऱ्या एका संस्थेबरोबर २०१७ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध केला होता. एक मेगावॉट क्षमता उभी करायला आणि चालवायला किती माणसांचे वर्षभराचे काम लागते, असा तो हिशेब. पवनऊर्जेत सुमारे सव्वा माणूस. माळरानावरच्या मोठ्या सौर प्रकल्पात सुमारे साडेतीन. आणि घराच्या छपरावरील सौर कामात सुमारे पंचवीस. आता सड्यावरच्या तीन जुन्या चक्क्या म्हणजे एक मेगावॉट. मान्याचीवाडीसारख्या दहा वाड्या म्हणजेही एक मेगावॉट. वीज कमी-जास्त होईल, पण हातांना काम छपरावर किती पटींनी जास्त आहे ते पाहा.

कारण उघड आहे. दहा वाड्यांत हजार छपरे. प्रत्येक छपराचे माप वेगळे, प्रत्येक घरात वायरिंग वेगळे, प्रत्येकाचा अर्ज, प्रत्येकाचे मीटर. तेथे माणूसच लागतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजना केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केली. एक कोटी घरांवर पॅनेल बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. घरासाठी दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉट वा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले आहे. प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. शेतावरच्या सौर पंपांचे काम वेगळेच. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या ५ टक्के आणि इतरांना १० टक्के वाटा भरून तो मिळतो. पंप बसले की दुरुस्ती आलीच.

मात्र याच हिशेबात एक खाच आहे. हे पंचवीस माणसांचे काम बहुतेक बसविण्याच्या वेळचे. छपरे भरली की काम पुढच्या गावाला जाते. फक्त सौर पॅनेल बसविण्यापुरते शिकलेल्या मुलाला त्याच्यामागे फिरावे लागेल. पण जो आधी पक्का वीजतंत्री किंवा तारतंत्री आहे, तो पॅनेल नसले तर घराचे वायरिंग करील, मोटर दुरुस्त करील, कारखान्यात जाईल, महावितरणच्या भरतीला अर्ज करील. म्हणून आधी वीज, मग सूर्य आणि वारा. या प्रवासाने आम्हाला शिकविलेली ही मुख्य गोष्ट.

पालकांनी काय विचारावे

दहावी झालेल्या मुला-मुलींसाठी शासकीय आयटीआयतील वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. काही ठिकाणी सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. त्यानंतर १९६१ च्या उमेदवारी कायद्याप्रमाणे कारखान्यात किंवा वीज कंपनीत विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. वीजजोडणीचे काम स्वतः करण्यासाठी शासनाचा तारतंत्री परवाना लागतो. तो काढायचा आळस करू नये. कऱ्हाडच्या गच्चीवर दोन मजुरांत फरक होता तो याच कागदाचा.

आयटीआय झालेल्यांसाठी केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली 'सूर्यमित्र' हा ६०० तासांचा, सुमारे तीन महिन्यांचा, मोफत निवासी अभ्यासक्रम काढला. ग्रामीण, बेरोजगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडे त्यात विशेष लक्ष द्यावे असे सांगितले होते. पुढे पवनऊर्जेसाठी 'वायुमित्र' आणि सौर पंपांसाठी 'वरुणमित्र' अशी नावे आली. २०१५ सालीच या क्षेत्रासाठी हरित रोजगार कौशल्य परिषद स्थापन झाली. कामाचे मापदंड आणि प्रमाणपत्रे ती ठरविते. पुण्याची बार्टी ही संस्था अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी कौशल्य प्रशिक्षण घेते. कोणती तुकडी कधी सुरू होते याची चौकशी जवळच्या आयटीआयत किंवा बार्टीच्या कार्यालयात जाऊन करावी. जाहिरातीवर विसंबू नये.

आणि कुठल्याही वर्गाने फी मागितली, तर पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. पहिला, प्रमाणपत्र कोणाचे? शासनमान्य की फक्त वर्गाच्या शिक्क्याचे? दुसरा, प्रत्यक्ष हाताने काम किती तास? गच्चीवर पॅनेल बसवून घेणार की पडद्यावर चित्रे दाखविणार? तिसरा, मागच्या तुकडीतील मुले आज कुठे आहेत? त्यांपैकी दोघांशी बोलू द्या. चौथा, काम लागल्यावर पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, विमा आणि उंचीवर चढताना पट्टा-हेल्मेट मिळते का? चारही प्रश्नांना सरळ उत्तर मिळाले तर पुढे जावे. "आधी फी भरा, मग सांगतो" असे उत्तर मिळाले तर कागद तिथेच ठेवून यावे.

मुलींच्या आई-बापांना एक विनंती आहे. वीज म्हणजे मुलांचे काम, असे समजू नका. छपराचे माप घेणे, आराखडा काढणे, जोडणी तपासणे, मीटरची कागदपत्रे पुरी करणे, उपकेंद्रातील नोंदी ठेवणे यांत मुलगी कुठेही कमी पडणार नाही. ज्या घरात दुपारी बाईमाणूस एकटे असते त्या घरात दुरुस्तीला मुलगी आली तर घरचेच तिला आधी बोलावतील.

देशात सौर विजेची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटवर गेली, पवनऊर्जा त्याच वर्षी पन्नास हजारांवर. २०३० पर्यंत कोळसा-तेलाशिवायची क्षमता पाच लाख मेगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे हा उद्योग येणार की नाही, हा प्रश्न आता उरला नाही. तो आला आहे. खड्डे खणायला, पॅनेल वाहायला, काच पुसायला आणि रात्री राखण करायला माणसे लागतील, आणि ती आपल्याच वस्तीतून मागितली जातील. त्या कामात कमीपणा नाही. पोट भरणारे कुठलेही प्रामाणिक काम मानाचेच. पण आपला मुलगा दोन वर्षांनीही पॅनेलच वाहत असेल, तर कुठेतरी दार बंद आहे असे समजावे आणि ते उघडण्याची किल्ली आयटीआयत मिळते हे त्याला सांगावे.

परत आल्यावर त्या भगिनींनी भिशीचे पैसे वर्गाला दिले नाहीत. पुढच्या प्रवेशाच्या वेळी आमच्या बारा जणांपैकी पाच जणांनी आयटीआयचे अर्ज भरले, त्यांत दोन मुली. दोघांना वीजतंत्रीला जागा मिळाली, एका मुलीला तारतंत्रीला. अर्धवट सोडून आलेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसला. आकडा लहान आहे. पण वस्तीवस्तीतील अभ्यासिकांनी आणि महिला मंडळांनी अशी एक-एक फेरी काढली तर तो वाढेल. खर्च एस.टी.च्या तिकिटाचा आणि भाकरीचा.

वाचक बंधु-भगिनींनो, उद्या तुमच्या मुलाने सांगितले की, "मला सोलर कंपनीत काम लागलं," तर पेढे जरूर वाटा. आणि पेढा हातावर ठेवताना त्याला विचारा, "बाळा, कोणत्या खात्यात?"